वतन : हक्क की बेडी?

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असा आग्रह कार्यकर्त्यांनी धरला. "गुरुजी, भीमा कोरेगाववर लिहा," असं एकजण म्हणाला. मी म्हटलं, कोरेगाववर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी आपल्याच जिल्ह्यातल्या हरेगाववर लिहितो. त्यावर दुसऱ्या एका तरुणानं विचारलं, "हरेगावला? मतमाउलीच्या यात्रेवर लिहिता का काय?"

पोराचा दोष नाही. हरेगाव म्हटलं की आज लोकांना यात्रा आठवते, साखर कारखाना आठवतो. पण १६ डिसेंबर १९३९ रोजी याच हरेगावात परमपूज्य बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद भरली होती. कशासाठी, हे मात्र आपल्या घरातल्या मुलांना सांगता येत नाही. ज्या वतनासाठी आपले आजे-पणजे जगले आणि ज्या वतनानं त्यांना वाकवलं, ते वतन म्हणजे काय होतं, हेच पुढच्या पिढीला ठाऊक नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आज्याची पेटी

माझ्या आज्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात जुडी भरल्याच्या पावत्या, एक फाटका नकाशा आणि तंबाखूची चंची. आम्हा पोरांना त्या पेटीला हात लावायची बंदी. आमचा हाडोळा गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. भावकीत वाटण्या होऊन होऊन प्रत्येकाच्या वाट्याला चार-दोन तासं यायची. त्यातून वर्षाचं पोट भरणं शक्यच नव्हतं. तरी आजा म्हणायचा, "आरं, हाडोळा म्हंजी आपली खूण हाय. ह्यो हाय म्हनून गावात आपलं नाव हाय."

माझे वडील त्याच्या उलट. पाळीला जायचं त्यांनी चौपन्न-पंचावन्न सालीच बंद केलं होतं. म्हणायचे, "ह्या तुकड्यापायी आपली पाठ वाकली." बापलेकांत यावरून अबोला असायचा. लहानपणी मला वाटे, दोघांपैकी एकजण चुकतो आहे. पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा कळलं, की दोघेही खरं बोलत होते. वतन ही खूणही होती आणि बेडीही होती. खूण होती म्हणूनच बेडी तोडणं अवघड गेलं.

वतन म्हणजे काय?

तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. दख्खनच्या गावात पाटीलकी, कुलकर्णीपण, चौगुलकी ही जशी वतनं होती, तसंच महारकी हेही वतन होतं. वतन म्हणजे वंशपरंपरेनं चालणारं काम आणि त्या कामाबद्दल मिळणारा वंशपरंपरेचा मोबदला.

काम काय? वेसकर म्हणून वेशीवर राखण करायची. तराळ म्हणून चावडीवर हजर राहायचं, कुळांना बोलावून आणायचं, दवंडी द्यायची. सरकारी वसुलाची रक्कम तालुक्याला पोचवायची, टपाल न्यायचं, साहेबलोकांचं सामान दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत वाहायचं. मेलेली जनावरं ओढायची, मयताचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री परगावी जायचं, सरणाची लाकडं फोडायची. काम सरकारचं किती, गावाचं किती आणि पाटलाच्या घरचं किती, याची वाटणी कुठंच लिहिलेली नव्हती. जे सांगतील ते काम.

मोबदला काय? हाडकी-हाडोळ्याची इनाम जमीन, तिच्यावर सरकारला भरायची हलकी पट्टी म्हणजे जुडी. खळ्यावरचं बलुतं. मेलेल्या जनावराचं कातडं, मढ्यावरचं कापड, सणावाराचं वाढणं आणि रोजची शिळी भाकर. या सगळ्याला मिळून 'बावन हक्क' म्हणत. बेदरच्या बादशहाची बेगम अमृतनाक महारानं इमानानं सांभाळून पोचवली आणि त्याबद्दल बादशहानं हे बावन हक्क दिले, अशी कथा आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असे. ती इतिहासाला धरून किती आहे, हा प्रश्न वेगळा. पण ती कथा सांगताना आज्याची मान ताठ व्हायची, एवढं मी पाहिलं आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. गावाच्या शिवेचं भांडण लागलं की महाराची साक्ष काढत. शीव कुठून कुठं जाते, कोणता दगड कोणत्या काळचा, हे त्याला ठाऊक. ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरत होती! गावाला त्याचं ज्ञान हवं होतं, इमान हवं होतं, पाय हवे होते. तो माणूस म्हणून मात्र नको होता.

तख्तावर कोणीही, वेशीवर तोच

आपल्या जिल्ह्याचा इतिहास या दृष्टीनं फार बोलका आहे. मलिक अहमदनं १४९० मध्ये बहामनी सत्तेपासून वेगळं होऊन निजामशाही उभी केली आणि १४९४ मध्ये नगर शहर वसवायला घेतलं. त्याचा बाप मलिक हसन हा जन्मानं पाथरीकडच्या ब्राह्मण घरातला, लढाईत कैद होऊन मुसलमान झालेला. याच निजामशाहीचा शेवटचा मोठा कारभारी मलिक अंबर. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत आणलेला हबशी. तो वजीर झाला, मोगलांना त्यानं वर्षानुवर्षं झुंजवलं, जमिनीच्या महसुलाची घडी बसवली आणि १६२६ मध्ये वारला.

म्हणजे बघा, विकत आणलेला गुलाम या नगरच्या राज्याचा धनी होऊ शकत होता. पण त्याच राज्यातल्या एखाद्या खेड्याच्या वेशीवरचा महार पाटील होऊ शकत नव्हता. त्याचा मुलगाही नाही, नातूही नाही. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली. मोगल आले. १७५९ मध्ये नगरचा किल्ला पेशव्यांकडे आला, पुढे शिंद्यांकडे गेला, १८०३ मध्ये वेलस्लीनं घेतला आणि १८१८ नंतर इंग्रजांचा कलेक्टर बसला. किल्ल्यावरची निशाणं बदलली. वेशीवरचा माणूस बदलला नाही.

जामखेड तालुक्यातलं खर्डा आपल्याला माहीत आहे. १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई तिथं झाली. शिदनाक महार आपलं पथक घेऊन त्या लढाईत होता. त्याचा तंबू इतरांच्या तंबूंजवळ नको म्हणून तक्रार झाली आणि लढाईच्या मैदानावर जात नसते असा निवाडा झाला, असं सांगितलं जातं. निवाडा चांगलाच. पण तो मैदानापुरता! लढाई संपली, तंबू उठले, आणि गावी परत आलेल्या शिपायाला पुन्हा वेशीबाहेरच राहायचं होतं.

चीनमध्ये काय होतं?

आता थोडं दूर जाऊ. मला सेवेत असताना चीनच्या इतिहासावरची काही पुस्तकं वाचायला मिळाली. तेव्हापासून मनात एक तुलना घोळते आहे. बुद्धाचा धम्म ज्या देशात रुजला, तिथं माणसाची किंमत जन्मावरून ठरत होती का, हे आपल्याला जाणून घेतलंच पाहिजे.

मिंग (१३६८ ते १६४४) आणि छिंग (१६४४ ते १९११) या चीनच्या शेवटच्या दोन राजवटी. तिथं अधिकारी होण्याचा मोठा रस्ता म्हणजे परीक्षा. जिल्ह्याची, मग प्रांताची, मग राजधानीची. प्रांताची आणि राजधानीची परीक्षा साधारण तीन वर्षांनी. कन्फ्यूशियसच्या परंपरेतले ग्रंथ पाठ करायचे, ठरलेल्या साच्यात निबंध लिहायचे. जो वरची परीक्षा पास होईल तो अंमलदार. जिल्ह्याच्या अंमलदाराला स्वतःच्या प्रांतात नेमत नसत, म्हणजे भावकीची मुरवत नको. आपल्याकडे पाटीलकी-कुलकर्णीपण वंशानं चालत होतं, प्रसंगी विकलंही जात होतं. तिथं शेतकऱ्याचा मुलगाही परीक्षेला बसू शकत होता. जन्मानं पद ठरवणाऱ्या आपल्या व्यवस्थेपेक्षा हे शेकडो पावलं पुढं होतं, यात शंका नाही.

पण दार उघडं होतं म्हणजे सगळ्यांना आत जाता येत होतं असं नाही. एक तर वर्षानुवर्षं मुलाला शेतातून मोकळं ठेवून शिकवायचं, हे पैसेवाल्याचं काम. बायकांना परीक्षा नव्हतीच. आणि तिसरं, जे फारसं कोणी सांगत नाही, ते म्हणजे काही समूहांना परीक्षेला बसायचीच बंदी होती. कायद्यातच लोकांचे दोन भाग होते : भले लोक आणि हीन लोक. झेजियांग प्रांतातले दुओमिन, शान्शीकडचे वंशपरंपरेनं गाणं-बजावणं करणारे, दक्षिणेत होडीतच जन्मणारे आणि मरणारे दान लोक, आन्हुई प्रांतात जमीनदारांच्या घरचे पिढीजात नोकर. हे सगळे हीन. भल्या घराण्याशी त्यांचा विवाह कायद्यानं निषिद्ध. दान लोकांना तर जमिनीवर घर करायची मनाई.

यात एक नोंद वाचून मी चमकलो. सरकारी कचेरीत हरकाम करणारे, समन्स पोचवणारे, कैदी आणणारे, वसुलीला जाणारे जे शिपाई, तेही हीनात मोडत. त्यांच्या मुला-नातवंडांनाही परीक्षा बंद. त्यांना धड पगार नसे. लोकांकडून मिळेल त्यावर पोट भरायचं. म्हणजे आपला तराळच की! राज्य ज्याच्या पायांनी चालतं त्यालाच राज्य हीन म्हणतं, ही रीत हिमालयाच्या दोन्ही बाजूंना सारखीच दिसली.

बादशहाचं फर्मान

१७२३ मध्ये चीनच्या गादीवर नुकत्याच आलेल्या योंगझेंग बादशहानं एक वेगळी गोष्ट केली. त्यानं फर्मान काढून गाणं-बजावणं करणाऱ्यांचं आणि दुओमिनांचं हीनपण कायद्यानं काढून टाकलं. त्यांची नावं साध्या रयतेच्या नोंदवहीत घालायला सांगितलं. पुढं १७२७ मध्ये आन्हुईचे पिढीजात नोकर आणि १७२९ मध्ये होडीवाले यांच्यासाठीही हुकूम निघाले. आपल्याकडे त्या वेळी थोरले बाजीराव पेशवे होते. इकडं असलं फर्मान निघणं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मग दुओमिन मोकळे झाले का? तिथंच तर गोम आहे. १७७१ मध्ये, पुढच्या बादशहाच्या काळात नियम आला, की हीन धंदा सोडून चार पिढ्या उलटल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही. चार पिढ्या! बापानं धंदा सोडला तर फळ पणतवंडाला. आणि धंदा सोडायचा तर पोटाला काय? जमीन नाही, शिक्षण नाही. झेजियांगमधल्या शाओशिंग गावात दुओमिनांनी कोणत्या घरी लग्नकार्यात राबायचं, याच्या पिढीजात वाटण्या ठरलेल्या होत्या. अगदी आपल्या बलुत्यासारख्या. १९०५ मध्ये परीक्षाच बंद झाल्या, १९११ च्या क्रांतीनंतर बादशाहीही गेली, तरी दुओमिन होतेच.

चीनचे थोर लेखक लू शुन हे याच शाओशिंगचे. त्यांनी १९३३ मध्ये दुओमिनांवर एक छोटा लेख लिहिला. त्यात त्यांच्या घरची एक आठवण आहे. क्रांती झाल्यावर त्यांच्या आईनं घरी कामाला येणाऱ्या एका दुओमिन बाईला चांगल्या मनानं सांगितलं, की आता सगळे सारखे झाले, तुला आमच्याकडे यायची गरज नाही. ती बाई खूश झाली असेल असं आपल्याला वाटेल. ती उलट रागावली! आमचं हे येणं पिढ्यान् पिढ्या चालायचं आहे, अशा अर्थाचं काहीतरी सुनावून गेली.

हे वाचलं आणि मला माझा आजा दिसला. पेटीवर हात ठेवून बसलेला.

त्या बाईला दोष देणं सोपं आहे. पण तिच्या बाजूनं विचार करा. त्या घराशी असलेलं नातं हीच तिची मिळकत होती. त्यात चार पैसे होते, सणाचं वाढणं होतं आणि 'हे माझं घर' म्हणायचा हक्क होता. ते काढून घेतलं आणि बदल्यात काहीच दिलं नाही, तर समता तिनं खायची का? गुलामी नुसत्या फटक्यांवर चालत नाही. ती गुलामाच्या हातात एखादा तुकडा ठेवते आणि त्याला सांगते, हा तुझा हक्क.

बाबासाहेबांनी नेमकं काय पाहिलं

आता परत नगर जिल्ह्यात येऊ. इंग्रज सरकारनं १८७४ मध्ये वतनांचा कायदा केला. महारांकडून सरकारी कामं घ्यायची, पण पगार तिजोरीतून द्यायचा नाही. जमीन पूर्वीचीच आणि बलुतं रयतेनं द्यायचं. रयत म्हणणार, तुम्ही काम सरकारचं करता, मग आम्ही का द्यावं? सरकार म्हणणार, तुमचं वतन आहे, काम केलंच पाहिजे. दोघांच्या मध्ये महार. पाळी एकाची असली तरी तो आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्यानं जायचं. म्हणजे चाकर एक माणूस नाही, अख्खं घर.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ मध्ये निघालं. महसूल खात्यात काम केलेला हा जाणता माणूस. वतनदार आणि बलुतेदार यांच्या हक्कांच्या ओझ्यानं कुणबी कसा पिचला आहे, हे त्यांनी पोटतिडकीनं मांडलं. ते सगळंच खोटं नव्हतं. खळ्यावर मागणारे हात पुष्कळ आणि रास लहान, ही शेतकऱ्याची अडचण खरीच होती. पण मागणाऱ्याचा हात मागायलाच लावला कोणी, हा प्रश्न त्या बाजूनं नीट दिसत नाही.

तो प्रश्न बाबासाहेबांनी विचारला. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत'मधून त्यांनी वतनाची चिकित्सा केली. मुंबईच्या कायदे मंडळात १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. मागणी साधी होती. ज्याला वतन सोडायचं असेल त्याला सोडता यावं आणि पूर्ण सारा भरून जमीन त्याच्याकडेच रहावी. बलुतं दारोदार मागायला न लावता त्याची रोकड रक्कम ठरवून ती साऱ्याबरोबर वसूल करावी. कामं कोणती, हे कायद्यात लिहून टाकावं.

यातली खुबी लक्षात घ्या. योंगझेंग बादशहानं हीनपण काढलं, पण हातात जमीन दिली नाही. बाबासाहेब म्हणत होते, चाकरी जाऊ द्या आणि जमीन राहू द्या. दुओमिन बाईच्या रागावरचं उत्तर या विधेयकात होतं. पोटाची सोय आणि मानाची सोय एकत्र केल्याशिवाय पिढीजात गुलामी सुटत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण विधेयक सिलेक्ट कमिटीकडे गेलं, तिथं त्याचा गाभाच राहिला नाही आणि १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागं घेतलं.

हरेगाव, १९३९

पुढं स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. १९३७ च्या निवडणुकीत आपल्या नगर जिल्ह्यातून पी. जे. रोहम निवडून गेले. वतनाचा प्रश्न मात्र तसाच लोंबकळत होता. त्यातच सरकारनं वतनी जमिनीवरची जुडी वाढवायचं ठरवलं. म्हणजे चाकरी तीच, बलुतं बुडत चाललेलं आणि पट्टी मात्र जास्त!

या पार्श्वभूमीवर १६ डिसेंबर १९३९ रोजी हरेगावची परिषद भरली. काँग्रेसच्या मंत्रिमंडळानं त्याआधी नुकताच राजीनामा दिला होता, कारभार गव्हर्नरकडे होता. परिषदेचं नावच नीट वाचा : महार, मांग आणि वेठिया. तीन निरनिराळ्या जमाती, आपसांत रोटी-बेटी नाही, गावात हक्कांवरून भांडणं ठरलेली. त्या एका मांडवात बसल्या. मला तर वाटतं, हरेगावची अर्धी लढाई तिथंच जिंकली गेली. कारण वतनाचा सगळ्यात मोठा डाव हाच होता, की महारानं मांगाच्या हक्कावर डोळा ठेवावा, मांगानं महाराच्या. बाबासाहेबांनी वाढीव जुडीला विरोध केला आणि अन्याय दूर झाला नाही तर लढ्याला तयार रहा, असं लोकांना बजावलं. त्याच मागणीसाठी ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नरला परिषद झाली आणि वाढीव पट्टी भरायची नाही, अशी हाक दिली गेली.

माझा आजा हरेगावला चालत गेला होता. दोन दिवसांची वाट, फडक्यात बांधलेली भाकरी. तिथं काय ऐकलंस, असं मी एकदा विचारलं. म्हातारा खूप वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "साहेबानं आमाला इचारलं न्हाई, का रं वतन सोडता का. साहेबानं आमाला हिशेब इचारला. किती राबता, किती मिळतं. हिशेब केला आन् लाज वाटली."

माझ्या मते चीन आणि हरेगाव यांतला फरक या दोन वाक्यांत आहे. तिथं हुकूम वरून आला, म्हणून तो कागदावर राहिला. इथं माणसांनी स्वतः बसून हिशेब केला. आजा घरी आला, पावत्यांची पेटी त्यानं फेकून दिली नाही. हाडोळ्यावरची मायाही सुटली नाही. पण त्यानंतर आपल्या मुलाला त्यानं स्वतः शाळेत नेऊन घातलं. पुढं त्याच मुलानं पाळी बंद केली.

वतन गेलं, पुढं काय?

१९५० च्या कायद्यानं कुलकर्णी वतनं गेली, पाटीलकीचं वतन १९६२ च्या कायद्यानं गेलं. आपली कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्यान्वये १ ऑगस्ट १९५९ पासून रद्द झाली. बाबासाहेबांनी विधेयक मांडल्यापासून एकतीस वर्षांनी! तोवर बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली होती. अनेकांनी मनातलं वतन कायद्याआधीच टाकलं होतं. मेलेली ढोरं ओढणं बंद, बलुतं मागणं बंद. त्यापायी कित्येक गावांत बहिष्कार सोसावा लागला.

कायद्यानं जमीन परत मिळायची होती, पण आकाराच्या तिप्पट रक्कम भरल्यावर. मुदतीत भरली त्यांची राहिली. ज्यांच्याजवळ तेवढेही पैसे नव्हते, किंवा कोणी सांगितलंच नाही, त्यांची सरकारजमा झाली. मिळालेली जमीनही नव्या शर्तीची, म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' अशी नोंद दिसते ती हीच. शर्त आपल्या भल्याची होती. तरी कुठं साध्या कागदावर विसार देऊन, कुठं कर्जाच्या बदल्यात, कुठं नुसत्या दांडगाईनं हाडोळे दुसऱ्यांच्या वहिवाटीत गेलेले आपण पाहतो. आमचा तुकडाही असाच गेला. एका कचेरीत वडिलांना वर्षभर खेटे घालायला लावले आणि शेवटी मुदत टळली म्हणून सांगितलं. आज्याच्या पावत्या पेटीतच राहिल्या.

आणि वेशीचं काय? ज्या खर्ड्यात १७९५ मध्ये जात नसते असा निवाडा झाल्याचं सांगतात, त्याच खर्ड्यात २०१४ साली एका शाळकरी दलित मुलाचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. एके काळी गावाची शीव ज्यांच्या साक्षीवर ठरत होती, त्यांच्या लेकराच्या खुनाला गावात साक्ष मिळाली नाही. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. न्यायासाठी नाव घेतलं जातं अशा अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. नावाला जागायची जबाबदारी आपल्या सर्वांची आहे.

एक विनंती

शेवटी विहाराच्या कार्यकर्त्यांना आणि वाचकांना हात जोडून एक विनंती. चीनच्या दुओमिनांबद्दल आज आपल्याला जे कळतं ते फर्मानांतून आणि लू शुनसारख्या दुसऱ्या घरच्या लेखकांकडून. त्या बाईचं स्वतःचं म्हणणं कोणी लिहून ठेवलं नाही. आपल्या आजी-आज्यांचं तसं होऊ नये.

घरोघरी जुन्या पेट्या आहेत. जुडीच्या पावत्या, सनदा, हाडोळ्याचे उतारे, पाळीच्या वाटण्यांचे कागद, सगळं जपून ठेवा. त्यांच्या झेरॉक्स प्रती काढून विहारात एक कपाट करा. ऐंशी-नव्वदीची जी माणसं अजून आहेत त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. पाळी कशी असायची, हरेगावला आपल्या घरातलं कोण गेलं होतं, पहिल्यांदा ढोर ओढायला नाही कोण म्हणालं, हे विचारा. सातबारा काढून आपला हाडोळा आज कोणाच्या नावावर आहे तेही बघा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आज्याची पेटी आता माझ्याकडे आहे. या वर्धापनदिनी ती मी विहारात आणून ठेवणार आहे. पहिली पेटी माझी. दुसरी कोणाची?